कॉसमॉस आणि बांगड्यांचं दुकान



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'संगणकाबद्दल काहीतरी बोल' असं सांगितलंय. मी मात्र एका शब्दाबद्दल बोलणार आहे, कारण त्या शब्दाचं जुनं देणं माझ्यावर आहे.

आठवीत असताना विज्ञानाच्या तासाला बाई राकेश शर्मांबद्दल सांगत होत्या. १९८४ साली ते सोयुझ यानातून अवकाशात गेले. रशियन लोक अंतराळवीराला 'कॉस्मोनॉट' म्हणतात, त्यातला 'कॉसमॉस' हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ विश्व, असं बाईंनी फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, आमच्या दुकानाच्या पाटीवर 'बांगड्या व कॉस्मेटिक्स' असं लिहिलंय. तो हाच शब्द का?"

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने हसले मी, पहिल्या बाकावरची, पहिल्या नंबरची. बाईंना धडा संपवायचा होता, त्या "नंतर बघू" म्हणाल्या. मधल्या सुट्टीत मी तिला 'कॉस्मेटिक' असं नाव ठेवलं आणि ते दहावीपर्यंत टिकलं. त्यानंतर तिने वर्गात कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. कामावर आम्ही 'कॉसमॉस' नावाचा डेटाबेस वापरायला घेतला. टीममधल्या एका नव्या मुलाने नावाचा अर्थ विचारला. "विश्व," मी ऐटीत सांगितलं आणि त्याला दाखवायला म्हणून ग्रीक शब्दकोश उघडला. 'विश्व' हा अर्थ बराच खाली होता. त्याच्या आधी होतं सुव्यवस्था, नीट लावणं. आणि मग दागिना, साजशृंगार.

होमरच्या 'इलियड'मध्ये सैन्याच्या रांगा लावण्यासाठी याच शब्दाचं क्रियापद येतं. त्याच काव्यात झ्यूसला भुलवायला हेरा देवी नटते, तेव्हा तिच्या साजालाही 'कॉसमॉस'च म्हटलंय. विश्व हा अर्थ नंतरचा. परंपरेने त्याचं श्रेय पायथागोरसला दिलं जातं, म्हणजे भूमितीत आपल्याला छळणाऱ्या त्याच पायथागोरसला. विश्वात दिसणाऱ्या सुव्यवस्थेमुळे त्याने त्याला हे नाव दिलं, असं सांगतात. आणि 'कॉस्मेटिक'? ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सजवण्यात कुशल. शब्द त्याच घरातला.

मला आधी नवल वाटलं. शिस्त आणि शृंगार एका शब्दात कसे? मग आईचं बोलणं आठवलं. "घर आवर" असं ती म्हणायची आणि लग्नाला निघताना "आवरलं का तुझं?" असंही. पसारा आवरणं आणि वेणीफणी करून तयार होणं, दोन्हीला आपला शब्द एकच. ग्रीकांनी आकाशाकडे पाहून म्हटलं, हे सगळं कसं छान आवरलेलं आहे!

माझं कामही तेच. प्रोग्रॅम नुसता चालून भागत नाही. तो नीट लावलेला असेल तरच दुसऱ्याला वाचता येतो, आणि नीट लावलेला असला की तो सुंदरही दिसतो. हे शिकायला मला इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची वीस लागली. ती मात्र दुकानात बांगड्या रंगाप्रमाणे, मापाप्रमाणे लावता लावता तिथे पोचली होती.

ती आज समोर बसली आहे. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. मागच्या आठवड्यात फोन करून तिला हे सगळं सांगितलं, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मला तेव्हाही वाटलंच होतं. पण तुम्ही हसलात, म्हणून माझंच चुकलं असेल असं समजले."

हे वाक्य मला फार लागलं. आपल्या हसण्याने असे किती हात खाली गेले असतील?

बाई, तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. आणि तुला, सगळ्यांसमोर हसले होते म्हणून सगळ्यांसमोरच सांगते: माझं चुकलं.