साथ, पत आणि बाजार



रोगाची साथ केवळ माणसांनाच ग्रासते असे नाही. बाजाराची पतही तिच्या तडाख्यात सापडते. दिलेला पैसा मुदतीत परत येईल, या विश्वासावरच सारा व्यापार उभा असतो. तो पैसा थकण्याचा वा बुडण्याचा जो संभव, त्यास पतजोखीम म्हणतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा अमरावती-अकोल्याकडील कित्येक शेतकऱ्यांच्या घरी कापूस पडून होता. खरेदी थांबली. माल विकला गेला नाही की पीककर्जाची परतफेड लांबते आणि परतफेड लांबली की पुढील हंगामाचे कर्ज अडते.

मुंबईच्या शेअर बाजारातही हेच घडले. कारखाने बंद, विक्री बंद. मग कर्जाचे हप्ते येणार कोठून, या शंकेने गुंतवणूकदारांनी शेअर विकून रोकड जवळ केली. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. २७ मार्च रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्क्यांवर आणला व मुदत कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्यास मुभा दिली. ही मुभा पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. तथापि हप्ता थांबला, तरी व्याज थांबले नव्हते.

जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजारांचा टप्पा गाठला. परंतु फेब्रुवारीत अमरावती, अचलपूर, अकोला येथे रुग्णसंख्या वाढून पुन्हा निर्बंध आले. २२ फेब्रुवारी रोजी सेन्सेक्स १,१४५ अंशांनी उतरला. सरकारी रोख्यांवरील वाढता परतावा हे त्याचे एक कारण होते. महाराष्ट्रातील वाढती रुग्णसंख्या हे दुसरे. वऱ्हाडातील साथीचे सावट अशा रीतीने दलाल स्ट्रीटवरही पडले.

यातून एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शेअरचा भाव उद्याच्या आशेवर सावरतो. कर्जदाराचे घर मात्र हाती आलेल्या पैशावरच सावरते. म्हणूनच अडचणीच्या वेळी माल पडेल भावाने विकावा लागू नये, हे महत्त्वाचे. तूर, सोयाबीन यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देणारी शेतमाल तारण योजना याचसाठी आहे. संकटात टिकून राहण्यास लागणारा अवधी ज्याच्यापाशी आहे, त्याचीच पत टिकते.