दोन काचांमधले धुके

ध्वनिमुद्रणाच्या या खोलीत माझ्यासमोर एक खिडकी आहे. पलीकडे बसलेले अभियंते बोटाने खूण करतात ती मला दिसते; त्यांचा आवाज मात्र ऐकू येत नाही. एकामागे एक अशा दोन काचा आणि मध्ये कोंडलेली हवा, एवढेच या किमयेचे साहित्य. अमेरिकेत थॉमस स्टेट्सन यांनी १८६५ साली दुहेरी काचेचे पेटंट घेतले होते. थंड देशांत ती घराची ऊब राखते. माझ्या घरी ती आली ती रस्त्याच्या गोंगाटापायी.

म्हैसूरला बदली झाली तेव्हा घर मिळाले ते रिंग रोडलगतचे, पहिल्या मजल्यावरचे. घरमालकांनी सज्जाकडच्या खोलीला दुहेरी काचेची मोठी खिडकी बसवून घेतली होती. ती खोली वडिलांना दिली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो; कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, त्यामुळे आमच्या नात्याचा उलगडा व्हायला शेजाऱ्यांना काही दिवस लागले. खिडकीतून चामुंडी टेकडी दिसते. पहाटे उठून टेकडीवरचे दिवे एकेक मालवताना पाहत बसणे हा अण्णांचा नेम होऊन गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर ते उपरण्याने ती काच वारंवार पुसू लागले. मला त्यात नवल वाटले नाही. अण्णांचे बालपण कऱ्हाडचे. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच तिन्हीसांजेला राखेने पुसून लखलखीत करणे हे त्यांच्याकडचे काम. पुसली की काच स्वच्छ होते, हा त्यांचा सत्तर वर्षांचा अनुभव. पुढे ते पुसणे एकाएकी थांबले आणि खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली दिसू लागली. विचारले तर म्हणाले, “ऊन येतं रे डोळ्यांवर.” मीही ते खरे मानले. कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांतील विसंगती शोधणाऱ्या माणसाला घरातली विसंगती दिसू नये, याला काय म्हणावे?

एका रविवारी ते शांतपणे म्हणाले, “बँकेतल्या खात्याला तुझं नाव जोडून घे. पुढे सही जमेलच असं नाही.” दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. बसवलेल्या भिंगामागचा पडदा पुढे पुन्हा धुरकट होऊ शकतो, असे तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते. तसे होतेही, आणि लेसरच्या थोडक्या उपचाराने ते दूरही होते. अण्णांनी मात्र पहिला भागच मनात धरला. मुलाची बदलीची नोकरी, त्यात आपले आणखी ओझे नको, म्हणून तीन महिने ते कोणाशी बोलले नव्हते.

त्यांची समजूत घालायला मी त्यांच्या खुर्चीवर बसलो, खिडकीकडे तोंड केले, आणि टेकडी मलाही दिसेना. काच आतून पुसली, धुके तसेच. सज्जात जाऊन बाहेरून पुसली, तरीही तसेच. मग ते होते दोन्ही काचांच्या मध्ये, जिथे कोणाचाच हात पोहोचत नाही.

याचे कारण असे. दोन काचांच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते आणि तिच्यात ओल शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. कडा लेपाने बंद केलेल्या असतात. दिवसा उन्हाने आतली हवा फुगते, रात्री आकसते. लेपाला कुठे भेग पडली की काच जणू श्वास घेऊ लागते आणि दर श्वासाबरोबर बाहेरची दमट हवा आत येते. मणी पिऊन पिऊन तृप्त झाले की उरलेली वाफ थंड काचेवर दवासारखी बसते. हे पुसण्याने जात नाही. तो काचेचा संच बदलावा लागतो.

बोलावलेल्या कारागिरांनी अख्खी खिडकी बदलण्याचा सल्ला दिला. ते गरजेचे नव्हते. चौकट धड असेल तर आतल्या बाजूच्या चार पट्ट्या काढून नुसती काच बदलता येते. घरमालकांना कळवून मी ते काम अंगावर घेतले. पहिली चूक मापातच होणार होती. दिसणारी काच मोजून मी दुकानात गेलो; दुकानदाराने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावले, की काचेची कड पट्टीखाली झाकलेली असते. पट्ट्या काढून संच मोजा, जाडीही मोजा. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही. तीन मिलिमीटर मोठी आली तरी ती वाया. आमची निघाली पाच-पाच मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटरची पोकळी. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. त्या हिशेबाने आमचा संच सत्तावीस किलोंचा. हे एकट्याचे काम नव्हे.

नवी काच आली त्या दिवशी शेजारचा तरुण मदतीला आला. पुट्टीची पत्ती लांब पट्टीच्या मध्यावर घालून पट्टी उचकटली, मग बाकीच्या. प्रत्येकीवर जागा लिहून ठेवली. हातमोजे घालून जुना संच उतरवला आणि चौकट मोकळी झाली. रस्त्याचा सारा कोलाहल खोलीत शिरला. अण्णा उठून आले, रिकाम्या चौकटीशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ते बघ, देवळाचं गोपूर.” मी पाहिले, तेव्हा माझ्याच चष्म्यावर धूळ होती.

पण खरा दोष त्यानंतर सापडला. चौकटीच्या तळाशी बोटभर गढूळ पाणी साचले होते. पावसाचे शिरलेले पाणी निघून जावे म्हणून तिथे भोके ठेवलेली असतात. रंगकामात ती पुट्टीने बुजली होती. काचेची कड महिनोन्‌महिने पाण्यात उभी होती, मग लेप टिकणार कसा? घाईने नवी काच बसवली असती तर तिचीही हीच गत झाली असती. तारेने भोके मोकळी केली, चौकट कोरडी होऊ दिली, दोन्ही कोपऱ्यांपासून थोड्या अंतरावर प्लॅस्टिकच्या चकत्या ठेवून काच त्यांवर टेकवली. आधी आखूड पट्ट्या, मग लांब, रबरी हातोडीने हलके ठोकून बसवल्या. गोंगाट एकदम दूर गेला.

पुढच्या आठवड्यात अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डोळे ठीक निघाले. बँकेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. खुर्ची फिरली आहे. सज्जात जाऊन त्या भोकांतून तार फिरवण्याचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि त्या वेळी मी मध्ये बोललेले त्यांना खपत नाही.