पडलेल्या दाताचे मोल
(व्याख्यानाचा सारांश)



बाजारात दोघांची बाचाबाची होते, एकजण दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा लगावतो आणि दात पडतो. ‘दातच गेला ना, जीव तर वाचला!’ असे म्हणत बघे पांगतात. कायद्याला मात्र ही घटना क्षुल्लक वाटत नाही.

1860 सालच्या भारतीय दंड संहितेने मारहाणीचे दोन भेद केले: दुखापत आणि जबर दुखापत. शरीराला वेदना, रोग वा दुर्बलता आणणे ही दुखापत. जबर दुखापतीचे प्रकार आठच. एका डोळ्याची दृष्टी जाणे, एका कानाची श्रवणशक्ती जाणे, अवयव वा सांधा निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे त्यांपैकी काही. आणि त्यांच्याच पंक्तीत हाड वा दात मोडणे किंवा निखळणे! 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हीच विभागणी राखली आहे. तीव्र वेदनेची वा नित्याचे व्यवहार बंद पडण्याची मुदत मात्र वीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आणली आहे.

साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कारावास, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. तीच प्राणघातक शस्त्राने केली तर जन्मठेपसुद्धा. परंतु गरिबाला खरा भेद जाणवतो तो पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यावर. साधी दुखापत अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास होत नाही. जबर दुखापत दखलपात्र. तेथे गुन्हा नोंदवावाच लागतो. अर्थात सारा न्याय डॉक्टरांच्या दाखल्यातील एका ओळीवर तोललेला असतो. ‘तोंडास मार’ एवढेच लिहिले गेले आणि दाताचा उल्लेख राहिला, तर फिर्यादी हात हलवीत परततो.

म्हणून मार बसला त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. प्रत्येक जखमेची जागा आणि लांबी नोंदवून घ्या. तक्रार लेखी द्या. गुन्हा नोंदला की खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. कबुलीसाठी कोठडीत मारहाण झाली, तर ती करणाऱ्या अंमलदारालाही सात वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. वर्दी हे त्याचे कवच नव्हे.

आणि तरुणांनो, हाच कायदा तुमच्या उगारलेल्या हातालाही लागू आहे. स्वसंरक्षणाचा अधिकार तुम्हांला आहे, पण बचावापुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली काठी तुम्हांलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील, हे विसरू नका.