आधी 'सा' ठरवा, मग हार्मोनिका घ्या

"क्रोमॅटिक हार्मोनिका कुठली घेऊ?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. उत्तर देतो, पण आधी माझी फजिती ऐका.

पहिल्या बोनसमधून मी लाकडी बॉडीची क्रोमॅटिक घेतली. लाकडाचा टोन गोड असतो, असं कुठेतरी वाचलं होतं. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिचं आवडतं भैरवीतलं गाणं वाजवलं. आजी म्हणाली, "छान रे, पण याला मधेमधे उचकी का लागते?"

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर आठवडाभर मी ती डबी उघडली नाही.

शेवटी डिबग करायला बसलो. साधी क्रोमॅटिक म्हणजे 12 भोकं, 48 रीड. सा पांढरी एकवर धरला तर फुंकून सा, ग, प आणि ओढून रे, म, ध, नी. बटण दाबलं की सूर अर्ध्याने चढतो. आता भैरवीत रे, ग, ध, नी चारही कोमल. म्हणजे चारही वेळा बटण! उचकी तिथेच होती.

मग सा पांढरी तीनवर नेला. ऐका...

[हार्मोनिका]

अख्खी भैरवी वाजली, बटणाला हातही न लावता. बाजा तोच, लाकूड तेच.

शिकागोचा लिटल वॉल्टर क्रोमॅटिकवर ब्लूज वाजवायचा, तेव्हा पांढरी दोनला घर मानायचा. तिथून बटण न दाबता जे सूर मिळतात, तो आपला काफी थाट! त्याच्यासारखा भरदार आवाज हवा असेल तर जिभेने मधली तीन भोकं झाका आणि पहिलं-पाचवं एकदम ओढा. एकच सूर दोन सप्तकांत बोलतो.

[हार्मोनिका]

जाझ याच्या उलट. तिथे बटण सतत नाचतं, त्यामुळे ते हलकं आणि चपळ हवं. बेल्जियमच्या टूट्स थीलेमन्सच्या नावाने होनरने दोन मॉडेलं काढली, 'मेलो टोन' आणि 'हार्ड बॉपर'. एकाच वादकाच्या नावाने एक मऊ, एक टणक. मग "सगळ्यात भारी टोन कुणाचा?" याला काय अर्थ?

आता खरेदी. पहिली घेताय तर 12 भोकांची, सी स्केलची घ्या. 16 भोकांत खालचं एक सप्तक जास्त मिळतं, पण ते खर्जाचे रीड उशिरा बोलतात आणि हवा खातात. लाकूड की प्लास्टिक? ओलाव्याने लाकूड फुगू शकतं, प्लास्टिकला ती कटकट नाही. त्यापेक्षा हवा गळत नाही ना, ते बघा. हळू फुंकरीलाही प्रत्येक सूर लगेच बोलला पाहिजे.

वाजवण्याआधी बाजा पाच मिनिटं तळहातात धरून कोमट करा. आत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या असतात. बाजा थंड असला की श्वासाची वाफ जमून त्या चिकटतात. आणि जोर लावू नका. घसा मोकळा, ओठ सैल, श्वास पोटातून. टोन बराचसा तिथेच बनतो.

यंदा गणपतीत आजीला तेच गाणं पांढरी तीनवरून ऐकवलं. कौतुक वगैरे काही केलं नाही तिने. एवढंच म्हणाली, "परत वाजव."

तुमच्या आवडत्या गाण्याचा सा शोधून ठेवा. भेटू पुढच्या भागात!