तहानेची वाट पाहू नका

(विदर्भातील ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



वैशाखवणवा आपल्या विदर्भाला नवा नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. याच उन्हात आपली पिढी लहानाची मोठी झाली. त्यामुळे ‘आम्हाला उन्हाचे काय कौतुक!’ असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणत असे. तो अभिमान मला किती महागात पडला, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एका लग्नासाठी मी अकोल्याहून अमरावतीला एस.टी.ने निघालो. वय ७१. वाटेत लघवीसाठी उतरावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणी घेतले नव्हते. रक्तदाबासाठी दिलेली, लघवीचे प्रमाण वाढविणारी गोळी मात्र नेमाने घेतली होती. मांडवात जेवणासाठी उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळलो. भानावर आलो तेव्हा हाताला सलाईन लावलेले होते. डॉक्टरांनी विचारले, “गुरुजी, तहान लागली नव्हती का?” मी म्हणालो, “नाही.” ते उत्तर अगदी खरे होते, आणि खरा धोका त्यातच होता.

वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाण्याचा साठाही घटतो. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते; वृद्धापकाळी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्तीही उणावते. घाम वाळताना अंग थंड होते, परंतु त्या घामासाठी लागणारे पाणी शरीरातूनच जाते. म्हणजे साठा थोडा, खर्च मोठा आणि सूचना देणारी घंटा मात्र मुकी, अशी आपली स्थिती असते.

आपण पुरुष जी गोष्ट संकोचाने लपवितो, तीही आज बोलली पाहिजे. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि रात्री वारंवार उठावे लागते. त्यावर उपाय म्हणून पुष्कळजण दिवसभर पाणीच तोडतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. पाणी कमी न करता त्याची वेळ बदलावी. बहुतेक पाणी सायंकाळपूर्वी घ्यावे, निजण्यापूर्वीचे दोन तास हात आखडता ठेवावा आणि त्रासाविषयी डॉक्टरांशी निःसंकोच बोलावे.

मी आता घड्याळाकडे पाहून पाणी पितो. उठल्यावर एक फुलपात्र, प्रत्येक खाण्याबरोबर एक, गोळ्यांबरोबर एक आणि मधल्या काळात दर तासा-दीड तासाने थोडे थोडे. दिवसाकाठी दोन लिटरच्या आसपास पाणी पोटात जाते. कडक उन्हात त्याहून अधिक. माठातले पाणी, पातळ ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, कलिंगड हे सारे त्यात उपयोगी पडते. मात्र हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुपारी बारा ते चार उन्हात जाणे टाळावे.

लघवी गडद पिवळी होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना चक्कर येणे या पहिल्या खुणा होत. अशा वेळी सावलीत बसून जलसंजीवनी घ्यावी. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भाजू लागले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मित्रहो, चैत्र लागला की वाटसरूसाठी पाणपोई घालणारी आपली माणसे. अनोळखी माणसाची तहान आपल्याला कळते, स्वतःची मात्र कळत नाही! म्हणून उद्यापासून उशाशी भरलेला तांब्या ठेवा, आणि शेजारी एखादे आजोबा एकटे राहत असतील तर दुपार होण्याआधी त्यांच्या दारी जाऊन एवढेच विचारा, “आज पाणी किती प्यालात?”