किंमत १०९५ पौंड

किताब विकत मिळतो का, असं विचारलं तर इंग्रज माणूस जरा घुटमळेल. त्यांचा राजा पहिला जेम्स मात्र घुटमळला नाही. १६११ साली त्यानं ‘बॅरोनेट’ हा नवा किताब काढला आणि दरही जाहीर केला: १०९५ पौंड, तीन हप्त्यांत.

आकडा असा अडनिडा का? आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात इंग्रज आणि स्कॉट लोकांना वसवायचं होतं. त्यासाठी फौज हवी आणि तिजोरीत तर खडखडाट! तेव्हा प्रत्येक बॅरोनेटनं तीस शिपायांचा तीन वर्षांचा पगार भरायचा, असं ठरलं. शिपायाला रोज आठ पेन्स. तीस जणांचे झाले २४०, म्हणजे त्या काळचा बरोबर एक पौंड. आता तीन वर्षांचे दिवस मोजा.

बदल्यात काय? नावाआधी ‘सर’, बायकोला ‘लेडी’. नाइटचा ‘सर’ त्याच्याबरोबरच संपतो. बॅरोनेटचा मात्र बापाकडून थोरल्या मुलाकडे जातो. तरी बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. या किताबावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळत नाही. पैसे घ्यायचे आणि सत्तेच्या उंबऱ्यावरच थांबवायचं, राजाची खरी हुशारी मला यातच दिसते.

१८५७ साली हा किताब मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभॉय हे पहिले हिंदी बॅरोनेट. चीनच्या व्यापारात, त्यात कापूस होता तशी अफूही होती, त्यांनी अफाट पैसा कमावला आणि इस्पितळाला, कलाशाळेला सढळ हातानं दिला. पुढचा प्रकार गमतीचा आहे. १८६० साली खास त्यांच्या किताबासाठी कायदा झाला. किताबाची शान राखायला कायमचा निधी बांधून दिला, आणि जो वारस येईल त्यानं आपलं नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं, असं ठरवलं! त्यामुळे थोरले चिरंजीव कर्सेटजी हेही जमशेटजी झाले.

स्वतंत्र भारतानं संविधानाच्या अठराव्या कलमानं किताबांना रजा दिली, ते उत्तम झालं. ब्रिटनमध्ये नवे बॅरोनेट करणं १९६०च्या दशकातच जवळजवळ थांबलं होतं. अपवाद एकच: १९९० साली पंतप्रधानपद सोडलेल्या मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस. ते २००३ साली वारले आणि किताब मुलाकडे, मार्क यांच्याकडे गेला.