जी.सी.बी. आणि वऱ्हाड

(गुरुकुंज मोझरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड' असे आपले वाडवडील अभिमानाने सांगत आले. या सोन्याच्या कुऱ्हाडीचा व्यवहार एका मानचिन्हाशी कसा जोडला गेला, ती कथा ज्यांचा देण्या-घेण्याशी नित्य संबंध येतो अशा मंडळींनी तर अवश्य ध्यानी घ्यावी अशी आहे.

१८५७ चा उठाव शमल्यावर, १८६१ साली राणी व्हिक्टोरियाने 'स्टार ऑफ इंडिया' हा बहुमान सुरू केला. हिंदी संस्थानिकांना मानाच्या धाग्याने इंग्रजी तख्ताशी बांधून ठेवणे हा त्यामागील हेतू. पांढऱ्या काठाची फिकट निळी फीत, हिऱ्यांची तारका, राणीची कोरीव प्रतिमा आणि अंगावर निळा झगा असा त्याचा थाट होता. मात्र ही चिन्हे धारकाच्या मालकीची होत नसत. त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी ती सरकारात परत करावयाची असत. दिलेले दान परत घेण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवीनच म्हणावयाची!

हैदराबादच्या निजामाला हा बहुमान मिळाला, तेव्हा त्याचे दिवाण सालारजंग यांनी आक्षेप कळविले. या देशातील राजेलोक पूर्वजांचा पोशाख सोडून परका पोशाख अंगावर घालण्यास नाखूष असतात, रेशमी झगा व मानवी प्रतिमा ही इस्लामी आचाराला धरून नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वस्त्र हे केवळ अंग झाकण्यासाठी नसते. ते कोणाच्या हातून घेतले, यावर घेणाऱ्याचे स्थान ठरते, हे त्या चाणाक्ष दिवाणाने ओळखले होते. तरीही निजामाने तो मान अखेर स्वीकारला.

त्यापूर्वीच, १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च व त्यापोटी साचलेले कर्ज हे त्याचे कारण. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. सालारजंगांनी प्रांत परत मिळविण्यासाठी पुष्कळ खटपट केली. ती निष्फळ ठरली. पुढे १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेले. निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी त्यांची खाजगी भेट झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात करार झाला. वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रसंगी निजामाला 'ऑर्डर ऑफ द बाथ' या इंग्रजी सन्मानातील सर्वोच्च श्रेणी, म्हणजे 'जी.सी.बी.', बहाल करण्यात आली. लोकांनी या तीन अक्षरांचा अर्थ लगेच लावला: 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजेच 'कर्झनला वऱ्हाड दिले'!

या विनोदात एका प्रांताचे दुःख दडलेले आहे. करार करणारे दोघे होते. ज्यांच्या शेतातील कापसावर हा सारा डोलारा उभा होता, त्या वऱ्हाडी जनतेला कोणी विचारलेही नाही. १९३६ मध्ये तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार मात्र इंग्रजांकडेच राहिला. पदवी उरली, प्रांत गेला!

याच काळात मानाकडे निराळ्या दृष्टीने पाहणारी माणसेही होऊन गेली. नामदार गोखले यांनी १९०४ मध्ये 'सी.आय.ई.' हा सन्मान स्वीकारला होता. परंतु १९१४ मध्ये देऊ केलेला 'सर'कीचा मान त्यांनी विनयपूर्वक नाकारला. महात्मा गांधींनी १९२० मध्ये 'कैसर-ए-हिंद' सुवर्णपदक परत केले. शेजारच्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी असहकाराच्या आंदोलनात 'रायबहादूर' पदवीचा त्याग केला. सरकारशी वैर म्हणजे व्यापारास धोका, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. हिशेब समजूनच त्यांनी तो तोटा पत्करला, म्हणून त्या त्यागाचे मोल अधिक.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने १९५० साली, अनुच्छेद १८ अन्वये, लष्करी व शैक्षणिक पदव्यांखेरीज सरकारी किताबांची प्रथाच बंद केली.

आता ज्या भूमीवर हे विचार मांडले जात आहेत, तिच्याकडे पाहावे. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना पदक नव्हे, तुरुंग दिला. स्वतंत्र देशाने त्यांना 'राष्ट्रसंत' म्हटले. त्या नावाला ना फीत, ना तारका, ना रेशमी झगा. तरीही दरवर्षी पुण्यतिथीस सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक येथे स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. हा मान वारसांना परत करावा लागत नाही. तो परत मागण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.

मान स्वीकारताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा: याच्या बदल्यात आपण काय दिले, आणि जे दिले ते देण्याचा अधिकार आपला होता काय? वऱ्हाडाच्या इतिहासाने शिकविलेला हा हिशेब पुढील पिढीच्याही वहीत राहो, एवढीच प्रार्थना.